अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबातून रक्त काढणारा बुवा नेमकं काय करतो, त्याचा प्रयोग दरवर्षी आठवीच्या वर्गात करून दाखवणारी बाई मीच. गावात कुणाच्या अंगात आलं की मुली आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या, आता मॅडम काहीतरी बोलणार म्हणून. तेव्हा पुढचं वाचताना ही बाई मुळातच भोळी असेल असं समजू नका... तशी असते तर हे लिहायला मला इतके महिने लागले नसते.

आम्ही बीबीचे. मेहकरहून जालन्याला जाताना लागतं ते लोणार तालुक्यातलं मोठं गाव. घर बाजाराच्या मागच्या गल्लीत – पुढे उघडं अंगण, डाव्या हाताला जिना, जिन्याखाली विजेच्या मीटरचा बोर्ड. घरात मी, आमचे हे (यांचं बियाण्यांचं दुकान आहे) आणि बाळंतपणाला माहेरी आलेली आमची रेणू. तिला आठवा संपत आला होता. पहिल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळे जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी यावेळी बजावून ठेवलं होतं – जरा काही वेगळं वाटलं की वाट बघायची नाही, थेट इकडे यायचं. गाडी घेतली ती त्यासाठी. आणि इलेक्ट्रिक घेतली ती माझ्या हट्टाने. घरच्या घरी भरलेली राहील, ऐन वेळी टाकी रिकामी असं व्हायला नको, असा माझा हिशोब.

आता आबांबद्दल सांगते. आबा म्हणजे माझे सासरे. गावातले पहिले वायरमन, अर्ध्या बीबीची वायरिंग त्यांच्या हातची. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः अर्थिंगचा खड्डा खणला होता – आत तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा, वर सिमेंटच्या पाइपाचं तोंड. घरात कुठे करंट उतरला तर तो माणसातून न जाता त्या खड्ड्यातून जमिनीत जावा, म्हणून खड्डा ओला ठेवायचा असतो. आबा रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी त्यात ओतायचे. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा तुळशीला पाणी घालतोय.

एका उन्हाळ्यात टँकर चार-चार दिवस येत नव्हता. त्यात एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आबा, इथं माणसाले प्याले पाणी नाई अन् तुम्ही जमिनीले पाजून राह्यले."

त्यांनी तांब्या शांतपणे रिकामा केला. म्हणाले, "माह्या वाटचं हाये बाई ते. मी एक तांब्या कमी पितो."

आणि ते खरंच कमी प्यायचे. हे मला फार उशिरा कळलं. गाडी आली तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

गाडी उभी करायला आम्ही अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले. मिस्त्रीने विचारलं, या पाइपाच्या तोंडाचं काय करायचं? मीच म्हणाले, झाकून टाका, मध्येच बरं दिसत नाही. दोन वर्षांत त्यात कुणी पाणी ओतलं नव्हतं, आणि आता ओतायची सोयही उरली नाही. विज्ञानाच्या बाईने केलेलं काम आहे हे.

गाडीचा ताबा घ्यायला आम्ही दोघं जालन्याला गेलो. हार, पेढे, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसोबत फोटो, सगळं झालं. चाकांखाली यांनी लिंबं ठेवली तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभी राहिले. शोरूममधला मुलगा चार्जर समजावून देताना म्हणाला, "मॅडम, घरी अर्थिंग तेवढं चांगलं पाहिजे, नाहीतर हा चार्जिंग घेत नाही." मी ऐटीत म्हणाले, "आमच्या घरचं अर्थिंग वायरमनच्या हातचं आहे."

घरी येऊन चार्जर लावला... लाल दिवा.

संजूला बोलावलं. संजू आबांच्या हाताखाली तयार झालेला वायरमन, आता चाळिशीचा. त्याने टेस्ट लॅम्प लावून बघितला. एक तार फेजला म्हणजे करंटच्या तारेला, दुसरी अर्थिंगला – बल्ब नीट पेटला तर अर्थिंग चांगलं. बल्बची तार नुसती लालसर झाली.

"काकू, अर्थिंग पार सुकलं. ब्लॉक उखडून पाणी द्या लागन."

पण मिस्त्री लग्नाला गावाला गेलेला, आठवडाभर यायचा नव्हता, आणि नवेकोरे ब्लॉक दुसऱ्या कुणी फोडलेले मला नको होते. रेणूचे पाय सुजायला लागले होते. आणि गाडीत जेमतेम निम्मं चार्जिंग. संजू मान खाजवत म्हणाला, "तोवर जुगाड करून देऊ काय? न्यूट्रलची एक तार अर्थिंगच्या पिनेले जोडतो. चार्जरले वाटते, अर्थिंग हाये."

हा जुगाड गावोगाव करतात. त्यात धोका काय तेही मला माहीत होतं. बाहेर खांबावरची न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार तुटली, तर त्या जोडतारेतून पूर्ण करंट गाडीच्या पत्र्यात उतरतो, आणि पत्र्याला हात लावणारा माणूस जागीच जातो. दहावीच्या मुलांना मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. तरी मी संजूला हो म्हणाले. तार कधी तुटेल कोण जाणे, रेणूला मात्र आज रात्रीही निघावं लागेल, असं मनाशी म्हटलं.

संजूने हातभर हिरवी तार सॉकेटच्या डबीत आवळली. हिरवा दिवा लागला.

सकाळी उठून बघते तर पुन्हा लाल. संजूने डबी उघडली. आत तार नव्हती. शोधता शोधता ती सापडली जिन्याखाली, मीटरच्या बोर्डाशेजारच्या खिळ्यावर. नीट वेटोळं करून, शेवटचं टोक आतून दोनदा ओवून अडकवलेली.

उरलेली तार तशी गुंडाळून त्याच खिळ्याला अडकवायची सवय आबांची होती.

संजूवर माझा संशय गेला. मी स्पष्टच विचारलं, "तू काऊन काढली बे?"

"काकू, मले ते टोक ओवणं जमतच नाई. आबानं कितीक डाव दाखवलं. मंग मी कायले काढीन? मीच त जोडली."

त्याने पुन्हा जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच – डबीत तार नाही, खिळ्यावर वेटोळं. त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. जिथे खड्ड्याचं तोंड झाकलं होतं, तिथले चार ब्लॉक ओले होते. बाकी सगळं अंगण कोरडं ठणठणीत, मे महिना, आणि तेवढेच चार ब्लॉक काळेशार. पाण्याची पाइपलाइन घराच्या मागच्या बाजूने जाते. मोरीही मागेच. मी वाकून हात लावला आणि लगेच काढून घेतला. मला भीती वाटली, हे कबूल करायला लाज वाटते पण वाटली.

यांनी म्हटलं, "राहू दे आता तो जुगाड."

मी चिडले. कुणीतरी खोडी करतंय आणि आपण घाबरतोय, हे मला सहनच होईना. शिवाय रेणू. मी म्हणाले, "पोरीले काही झालं त बैलगाडीत नेता काय?" हे चप्पल घालून दुकानात गेले.

दुपारी संजूने तिसऱ्यांदा तार जोडली. यावेळी मी शेजारी उभी राहून दोन्ही स्क्रू आवळलेले बघितले. डबी बंद झाल्यावर, परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा सील करतात तशी, तिच्यावर कागदाची पट्टी गोंदाने चिकटवली आणि पट्टीवरून डबीवर जाईल अशी आडवी सही केली. बत्तीस वर्षं गठ्ठे सील केलेत मी. पट्टी न फाडता ती डबी उघडणं शक्य नव्हतं. हिरवा दिवा लागला, गाडी चार्ज होऊ लागली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला वारं सुटलं. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळापूर्वीच भांड्यांचं पाणी अंगणात शिंपडलं होतं, ब्लॉक फार तापतात म्हणून. तेव्हाही चार्जरचा दिवा हिरवाच होता. आणि रेणूने – कितीदा सांगितलं तरी – कुरडया गाडीच्या बॉनेटवरच वाळत घातल्या होत्या.

एकदम डोक्यावरचा बल्ब पांढराफटक पेटला. पंखा घोंघावत सुटला. बाहेरच्या खोलीत टीव्ही फट्कन आवाज करून बंद पडला, जळका वास आला. हे कशाने होतं ते मला शिकवायची गरज नव्हती. खांबावरची न्यूट्रल तुटली होती.

खिडकीतून अंगण दिसलं. रेणू अनवाणी, ओल्या ब्लॉकवर उभी. पोट सावरत गाडीवर झुकलेली. वाऱ्याने उडणाऱ्या कुरडया धरायला दोन्ही हात बॉनेटवर पालथे टेकवलेले...

मी ओरडले की नाही, आठवत नाही. स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत अठरा-वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत मी माझ्या पोरीला आणि तिच्या पोटातल्या जिवाला स्वतःच्या हाताने मारलं आहे, एवढं एकच डोक्यात होतं. मी मेन स्विच खाली ओढला आणि डोळे मिटून घेतले. वळून बघायची हिंमत होत नव्हती.

"काय झालं वं आई?"

रेणू पदरात कुरडया घेऊन दारात उभी होती. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले.

हे दुकानातून धावत आले, पाठोपाठ संजू. गल्लीत चार घरांचे टीव्ही-पंखे जळाले होते. संजू डबीपाशी गेला आणि थांबला. "काकू, तुम्हीच या."

पट्टी जशीच्या तशी होती. सही सलग, रेघेला रेघ जुळलेली. ती मी माझ्या हाताने फाडली. संजूने डबी उघडली.

आत तार नव्हती. दोन्ही स्क्रू घट्ट आवळलेले, आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. ती कुठे असेल ते तिघांनाही माहीत होतं. जिन्याखाली जाऊन बघायला मात्र कुणी पुढे होईना. शेवटी मी गेले. खिळ्यावर होती, टोक आतून दोनदा ओवून.

म्हणजे जोडतार नव्हती, तरीही चार्जरचा दिवा हिरवा होता. अर्थिंग जिवंत असल्याशिवाय तो लागत नाही. यांनी तेव्हाच पहार घेऊन ते चार ब्लॉक उखडले. खाली पाइपाच्या तोंडातून हात घातला तर मनगटापर्यंत चिखल. दोन वर्षं ज्यात कुणी पाणी ओतलं नव्हतं तो खड्डा आतून ओलाचिंब. दुसऱ्या दिवशी लाइट आल्यावर संजूने टेस्ट लॅम्प लावला आणि बल्ब लख्ख पेटला. संजूने चप्पल काढली, खड्ड्याला हात जोडले. मी त्याला काही बोलले नाही.

खूप विचार केला मी. संजूने मुलाची शपथ घेतली. हे दुपारभर दुकानात होते. रेणूला त्या अवस्थेत खाली वाकताही येत नव्हतं. आणि हे सगळं सोडलं तरी माझी सही उरतेच. ती पट्टी कशी उघडली आणि पुन्हा कशी चिकटली? वर्गात एखाद्या मुलीने विचारलं असतं तर मी "माहीत नाही" म्हणाले असते. इथेही तेच म्हणते.

दहा दिवसांनी भल्या पहाटे रेणूच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाडी पूर्ण भरलेली होती. जालन्याला वेळेत पोहोचलो, मुलगी झाली, दोघी सुखरूप. घराला कुलूप लावून आम्ही सहा दिवस तिकडेच राहिलो.

परत आले तशी चप्पलही न काढता खड्ड्यापाशी गेले. तो आता उघडाच ठेवला आहे. आत हात घातला. माती कोरडी होती – कुणीच पाणी घातलं नाही तर मे महिन्यात असायला हवी तशी कोरडी. मला तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. ओतणारे आता खरंच गेले होते.

मग उठून तांब्या भरून आणला आणि ओतला. तेव्हापासून रोज ओतते. गावात टँकर येवो न येवो, तो तांब्या माझ्या वाटचा असतो.