मस्तगडचे तारागोना

पृथ्वीचा मध्य कोठे आहे, या प्रश्नावर आमच्या पुराणकारांनी मेरुपर्वताकडे बोट दाखवून विषय संपवला आहे. माझ्या व्याह्यांना हा निर्णय मान्य नाही. त्यांच्या मते तो मध्य भूमध्य समुद्राच्या काठी, स्पेन देशातील तारागोना नावाच्या गावी आहे, आणि जालन्यातील मस्तगड भागात असलेले त्यांचे बी-बियाण्यांचे दुकान ही त्या गावाची भरतखंडातील एकमेव शाखा आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, तेथील रसायनांच्या कारखान्यात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी व्याही लेकाकडे एक उन्हाळा राहून आले. मलाही बोलावणे होते, पण नित्याची पूजाअर्चा आणि गुडघे या दोहोंनी मला समुद्र ओलांडू दिला नाही. "शास्त्रीबुवा, तुम्ही घरी बसून चारी धाम सांगता, मी जाऊन आल्तो," हे वाक्य मी तेव्हापासून प्रसादासारखे ग्रहण करीत आलो आहे.

परत आल्यावर त्यांनी प्रथम दुकानाची मांडणी बदलली. समुद्राकडे तोंड करून बसलेले एक रोमन प्रेक्षागार तेथे आहे. त्याच्या पायऱ्या कशा उतरत जातात हे समजावे म्हणून त्यांनी बियाण्यांची पोती लंबवर्तुळात, पायऱ्यापायऱ्यांनी रचली. मंठ्याहून आलेला एक शेतकरी सोयाबीन मागत उभा होता. व्याह्यांनी त्याला वरच्या पोत्यावर बसवले आणि खाली, तराजूपाशी, सिंह कोठून सोडत ते दाखवू लागले. तो गृहस्थ बराच वेळ आदराने ऐकत होता. शेवटी हात जोडून म्हणाला, "मालक, सिंव्हाचं ऱ्हाऊ द्या. बियानं बराबर उगवंल का, तेवढं सांगा." व्याही मला नंतर खेदाने म्हणाले, "लोकायला इतिहासाची आवड न्हाई."

त्या गावी म्हणे जुन्या वस्तीत कोठेही खणले की रोमन कमान निघते. भोजनगृहात जेवायला बसावे तर डोक्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड. हे पाहून आल्यापासून आपल्या गल्लीच्या पोटातही काहीतरी आहेच, अशी त्यांची श्रद्धा झाली. गेल्या वर्षी रस्ता खोदण्यासाठी मजूर आले, तेव्हा व्याही छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर उभे. "हळू! खाली थेटर असंल. जरा इकडून खांदा." मजुरांनी वयाचा मान राखून इकडून खांदले, आणि व्याह्यांच्याच नळाची जोडणी फुटली. कारंजे छान उडाले. विहीणबाई दारात कळशी घेऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "रोमन लोकांनी डोंगरावरून पाणी गावात आणलं म्हने. आमच्या ह्यांनी घरातलं घालवलं." विहीणबाईंचा तारागोनावर जुना राग आहे. त्यांचे माहेर हसनाबादचे. "इतकी वर्षं झाली लग्नाला, माझ्या माहेरचा मारोती कोन्या तोंडाचा हाये ते ह्यांना सांगता यायचं न्हाई. अन् तिथल्या राजाच्या बायकोचं नाव पाठ!"

माझ्या प्रवचनांचीही सुटका झाली नाही. सेतुबंधनाचा प्रसंग रंगात आला असता हे पुढच्या रांगेतून उठले. "तिथं बी एक पूल हाये. पान्यासाठीचा. सैतानानं बांधला म्हनत्यात लोक." श्रोते माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, "आपल्याकडे वानरांनी बांधला, तिकडे सैतानाने. अवघड कामे सर्वत्र बाहेरच्यांनाच देतात." सभा हसली. व्याही मात्र गंभीरपणे मान डोलावत खाली बसले. माझ्या शास्त्राला तारागोनाचा आधार मिळाला, असे त्यांना वाटले असावे.

असे हे वाहते मुख गेल्या मार्गशीर्षात अकस्मात थांबले. नाताळच्या सुट्टीत लेक-जावयांबरोबर नात येणार, असा फोन आला होता. ती त्यांची नात तशी माझीही. तिकडेच वाढलेली, आठ वर्षांची, आणि कळत्या वयात प्रथमच जालना पाहणार. मला वाटले, व्याही आता पताका लावतील. ते मात्र देवळात माझ्या शेजारी येऊन बसले आणि उपरणे चाळवू लागले.

"इवाई, एक गोष्ट कोनाला बोललो न्हाई," ते म्हणाले. "तिथलं सगळं मला पोरीनंच दाखवलं. हाताला धरून. शेवटाला समुद्रावर एक उंच सज्जा हाये, त्याला लोखंडी कठडा. गावातले लोक फिरत फिरत येतात, त्या लोखंडाला हात लावून जातात. चांगलं असतं म्हने. ती म्हनली, आबा, लावा. मी हसलो. म्हनलो, असलं काही आमच्याकडं न्हाई बाई. मंग तिनं इचारलं, 'तुमच्या गावात काय आहे बघायला?'"

"मग?"

"मंग काय? म्हनलो, बियान्याची दुकानं हायेत. तिला हसू बी आलं न्हाई. तवापासून शोधून राह्यलो, शास्त्रीबुवा. पोरगी बघायला काही न्हाई म्हनून गेली, तर पुन्हा कशाला येईल?"

ती पोती, तो खड्डा, तो सैतान, हे सारे मला त्या क्षणी निराळे दिसू लागले. मी माझे जुने ग्रंथ उघडले, वृद्धांना विचारले, आणि आम्ही दोघांनी मिळून एक यात्राक्रम सिद्ध केला.

नात आली. आम्ही तिला काळी मशीद दाखवली, तिच्याजवळची सराय दाखवली. मोती तलावातून पूर्वी जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी येत असे, हे सांगताना व्याह्यांनी बोटाने जमिनीवर नळांची वाट काढून दाखवली. पोर सुस्वभावी, सर्वत्र "छान आहे" म्हणत होती. एकदा तिने विचारले, "आबा, इथे तिकीट कुठे काढायचं?" व्याही म्हणाले, "तिकीट न्हाई बेटा, गाव आपलंच हाये." पण तिसऱ्या प्रहरानंतर तिचे "छान आहे" बारीक होत गेले. मीही मध्ये दोन संस्कृत श्लोक म्हटले. त्यांचाही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी आम्ही दुकानावर आलो तेव्हा व्याही फार थकलेले दिसत होते. गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी दिवा मालवला, शटर ओढले, कुलूप लावले, आणि नेहमीप्रमाणे शटरला उजवा हात लावून तो कपाळाला टेकवला.

"आबा!" नात ओरडली. "तुम्ही पण लोखंडाला हात लावता?"

व्याही गोंधळले. "अगं, ते... दुकान हाये. पाया पडावं लागतं."

"रोज?"

"रोजच. उघडताना, लावताना."

"आणि ते?" समोरचे किराणावाले आपले शटर ओढीत होते. त्यांनीही हात लावला, कपाळाला नेला. पलीकडच्या शिंप्याने लावला. भांडीवाल्याने लावला. पोर गल्लीभर धावत सुटली आणि प्रत्येक बंद शटरला हात लावीत शेवटच्या दुकानापर्यंत गेली. तेथून तिचा आवाज आला, "आबा, इथे तर सगळं गावच लावतं! मला का नाही सांगितलं?"

व्याही पायरीवर बसले. साऱ्या जन्मात सकाळ-संध्याकाळ जे करीत आलो, तेच आपल्याकडे नाही म्हणून सांगून आलो, हे त्यांच्या ध्यानात येत होते. "म्हायत नव्हतं बेटा," ते म्हणाले, "म्हायत नव्हतं."

नात परत गेली. पुढच्या वर्षी येईन म्हणाली आहे. मुलांचे आणि विमानांचे बोलणे, ईश्वर ते खरे करो. पोती पुन्हा सरळ रचली गेली आहेत. सोयाबीन घेणाऱ्याला आता सोयाबीनच मिळते, आणि खरे सांगायचे तर त्या सिंहांवाचून मला दुकान थोडे ओस वाटते. संध्याकाळी देवळातून परतताना मी तेथे थांबतो. व्याही शटर ओढतात, हात लावतात, आणि तो हात पूर्वीपेक्षा जरा अधिक वेळ तेथेच राहतो. "तिकडं आता शाळा सुटली असंल," ते म्हणतात. मी हो म्हणतो. ते पुढे चालू लागले की मीही, कोणी पाहत नाही असे पाहून, हात लावतो. दिवसभराच्या उन्हाने लोखंड तेव्हा अजून कोमट असते.