डॉक्टर मॅडमनी अंडी सोडली

नवापुरात मी कोंबड्यांची डॉक्टर आहे. कुत्र्या-मांजरांना सुई टोचणं क्वचितच होतं, सगळा वेळ पोल्ट्रीच्या शेडमध्ये जातो. लस देणं, खाद्य बघणं, पक्षी मान टाकून बसले की धावत जाणं, हेच माझं काम. काम सुरू केलं तेव्हा एकच मोबाइल नंबर होता, आणि तोच सगळ्यांना दिला. शेडचे मालक, खाद्यवाले, सुरतेचे अंड्यांचे व्यापारी, कॉलेजच्या मैत्रिणी, मावशा, आत्या, सगळे त्या एकाच नंबरावर नांदत होते.

त्या हिवाळ्यात कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यात कोंबड्यांचा रोग आल्याची आवई उठली होती. आमच्याकडे काही नव्हतं, पण लोक धास्तावलेले होते. दिवसभर फोन यायचे, "मॅडम, आपल्याकडे आलं तर नाही ना?" मी सांगायचे, नाही. पुन्हा दुसरा फोन.

त्यातच माझी आई तापीकाठच्या प्रकाशा गावाहून राहायला आली. येताना शेतातली वांगी घेऊन आली. परसात तुराट्या पेटवून तिने ती भाजली आणि हिरव्या मिरच्या घालून असं भरीत केलं की मी पाटावरून उठेना. आई अंडं-मटण खात नाही, म्हणून ती असली की माझ्या घरात ते शिजत नाही. मी ताटाचा फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, "आता काही दिवस चिकन नाही, अंडी नाहीत. असंच बरं!"

आणि गावाबाहेरच्या एका शेडवर लस द्यायला निघून गेले.

शेडमध्ये जाताना मी फोन गाडीतच ठेवते. बूट बदलायचे, हात धुवायचे, बाहेरची कुठलीच वस्तू आत न्यायची नाही, हा नियम. काम आटोपून बाहेर आले तर पडद्यावर मिस्ड कॉलची रांग लागलेली. एका खाद्यवाल्याने मलाच माझ्या स्टेटसचा फोटो पाठवला होता. तो कुणीतरी कापून पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. भरिताचं ताट अर्धं गेलेलं, माझं वाक्य मात्र अख्खं होतं. वर कुणीतरी लिहिलं होतं, "डॉक्टर मॅडमनी स्वतः अंडी सोडली. समजून घ्या."

मी तशीच गाडी घराकडे पळवली.

घरी पोचले तर ओट्यावर आमच्या भागातले एक जुने पोल्ट्रीवाले बसले होते. त्यांचं घराणं गावात कित्येक पिढ्यांपासून व्यापारात. मी नवीन होते तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनीच मला आपल्या शेडमध्ये बोलावलं होतं. समोरचा चहा त्यांनी उचललाही नव्हता.

"मॅडम, एक बात सच सच बताओ," ते म्हणाले. "बीमारी आली का? सुरतवाल्यानं आजची गाडी थांबवली. म्हणतो, तुमची डॉक्टरच खात नाही, मी कशाला घेऊ?"

मी तोंड उघडायच्या आत आई दारातून आपल्या अहिराणीत म्हणाली, "बीमारी नही, काही नही भाऊ. मी आठे शे म्हनीसन मन्ही पोर घरमा अंडा शिजाडस नही. मी गऊ का लगेच करी!"

"म्हणजे आई इथे आहेत म्हणून अंडी बंद, त्या गेल्या की लगेच सुरू?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते एवढे हसले, की डोळे पुसायला त्यांना खांद्यावरचा रुमाल काढावा लागला. मी मात्र हसू शकत नव्हते. गाडी अजून थांबलेलीच होती.

"आता असं करा," ते म्हणाले, "आमच्या घरी या. दोन अंडी खा, त्याचा फोटो टाका. लोक गप्प होतील."

"नाही भाऊ," मी म्हणाले. "आज अंडं खाल्लेलं बघून लोक विश्वास ठेवतील, उद्या माझा उपास असला की परत गाडी थांबेल. माझं ताट म्हणजे दाखला नव्हे. चला, तुमच्या शेडवर जाऊ."

शेडमध्ये एकेक पिंजरा बघत मी शेवटपर्यंत गेले. तुरे लाल होते, पक्षी खाद्यावर तुटून पडत होते, अंडीही नेहमीइतकीच होती. बाहेर येऊन मी सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि काय तपासलं ते सगळं नीट सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या मनातला संशय जात नव्हता.

"वो सब ठीक है बेन, पर वो फोटो?"

"माझी आई आली आहे, ती अंडं खात नाही. तिने वांग्याचं भरीत केलं होतं."

भरिताचं गुजराती नाव घेऊन तो ओरडलाच, "अरे, रींगणनो ओळो! पहले बोलना था ना!"

गाडी संध्याकाळी आली. क्रेट चढवताना बघून माझ्या छातीवरचं ओझं खरोखर उतरलं. घरी येऊन मी पाय पसरून भिंतीला टेकून बसले. आई म्हणाली, "जेवतेस का?" आणि मला कळलं, आपल्याला सपाटून भूक लागली आहे.

त्याच आठवड्यात मी दुसरं सिम घेतलं. जुना नंबर दवाखान्याचा झाला. त्यावर माझा चेहरा नाही, दवाखान्याची पाटी आहे, आणि स्टेटसला फक्त लसीच्या वेळा, थंडीत शेडला पडदे कधी लावायचे, एवढंच. नवा नंबर घरच्यांना आणि जुन्या मैत्रिणींना. एका मावशीला वाटलं, मी तिच्यावर रागावून नंबर बदलला. तिची समजूत घालायला सुरतवाल्यापेक्षा जास्त वेळ लागला. पोल्ट्रीवाल्यांनी मात्र काही विचारलं नाही. बहुधा त्यांनाही बरंच वाटलं असावं. माझ्या भाचीच्या वाढदिवसाचे फोटो बघण्यात त्यांना तरी काय रस?

पुढे आईला पोचवायला प्रकाशाला गेले. दवाखान्याचा फोन सहकाऱ्याकडे दिला होता. तापीच्या काठी पायऱ्यांवर बसून मी पाण्यात पाय सोडले, फोटो काढला आणि काहीही विचार न करता नव्या नंबराच्या स्टेटसला टाकला. कोण काय अर्थ काढेल, हे एकदाही मनात आलं नाही.

थोड्या वेळाने बहिणीचं उत्तर आलं, "टाचा बघ किती फुटल्यात. मलम लाव."