घरोघरी वाटलेली माय

माझी शाळा चौथीपर्यंतच. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, तेवढं पोटात घाला.

आमच्या गल्लीतली ती पोर शेजारच्या म्हातारीच्या दारात उभी राहायची आणि फणी पुढं करायची. "हे तुमच्याकडं, आजी." मागणं नव्हतं ते. ठरवूनच आलेली असायची.

आम्ही तेव्हा नालवाडीत राहत होतो. आणीबाणीच्या वर्षी तिची आई तापानं गेली. ती दहा वर्षांची, भाऊ कडेवरचा. बाप कापूस बाजारात हमाल. पोरांवर जीव होता, पण बायको गेल्यापासून त्याचं बोलणंच आटलं. आम्हा बायकांना वाटलं, पोर आता कोमेजणार. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

तिनं वेगळंच केलं. आईचं एकेक काम गल्लीत वाटून टाकलं. वेण्या आजीकडं. भाकर थापायला शिकवणं समोरच्या वहिनीकडं. नळावर सगळ्यांशी भांडणारी एक मावशी होती, तिच्याकडं ती भावाला धरून न्यायची. "मावशी, यानं पीठ सांडवलं. याले रागवा. मले याचा राग येत नाई." मावशी मोठ्यानं रागवायची, आणि मग त्याच्या हातावर गूळ ठेवायची.

माझ्या वाट्याला काय दिलं होतं, ते मला कळत नव्हतं. मी कोणाशी फार बोलत नसे. संध्याकाळी चूल पेटवली की ती जवळ येऊन बसायची. कपाशीच्या पऱ्हाट्या दमट असल्या की घरभर धूर. सरक तिकडं म्हटलं, की म्हणायची, "राहू द्या काकू, बरं वाटते." थोड्या वेळानं डोळे पुसून हसत घरी जायची. उबेला येत असेल म्हणावं, तर उन्हाळ्यातही यायची. मला नवल वाटायचं.

आता ती नर्स आहे. बदल्या होत होत दूर गेली, भेट नाही. पण तिचा मामा आष्टीहून आला तो दिवस मी विसरले नाही. तो तिला न्यायला आला होता. माणूस वाईट नव्हता, पण दोघांचं करणं त्याला झेपणार नव्हतं. भाऊ, लहान्या, बापाजवळ राहील, असं मामा म्हणाला. बाप मान खाली घालून बसला. ती भावाचा हात सोडेना.

"पोरीच्या जातीले माय नाई. इथं कोण पाहीन तुले?"

"चाला मामा, दाखवतो," ती म्हणाली.

तिनं त्याला घरोघर फिरवलं. कोणाकडं काय, ते सांगत गेली. मावशीनं मामालाच धरलं, बहीण तापानं फणफणत होती तेव्हा कुठं होते म्हणून. शेवटी ती दोघं माझ्या दारात आली. मी पदर सारखा करून उठले.

"अन् इथं काऊन येते तू?"

"रडाले," ती म्हणाली. "घरी रडलो तर लहान्याले समजते. इथं धुरात कोणाले दिसत नाई. काकू बी काई विचारत नाई."

मामानं माझ्याकडं पाहिलं. परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. "येऊ द्या तिले," एवढंच तोंडातून निघालं.

तो उंबऱ्यावर बसला. पाणी मागितलं.

सकाळच्या एस.टी.नं तो एकटा गेला. तिचे कपडे न्यायला आणलेली थैली त्यानं घडी करून काखेत धरली होती. लहान्याला कडेवर घेऊन ती त्याला सोडायला फाट्यापर्यंत गेली. परत येताना ती भर रस्त्यात, सगळ्यांदेखत रडत होती, आणि लहान्या दोन्ही तळहातांनी तिचे गाल पुसत होता.