पाचवं घर

बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांचा अभ्यास करायला सरकारनं एका कॉलेजाला अनुदान दिलं आणि त्यातून मला आयुष्यातली पहिली नोकरी मिळाली. मुदत मार्चअखेरपर्यंत. नुकतीच बी.ए. झाले होते आणि घरात बसून गहू निवडत होते. काम काय आहे ते कळल्यावर हसू आलं नाही, रागही आला नाही. उद्या निघायचं तर चप्पल शिवून घ्यायला हवी, एवढंच डोक्यात आलं.

पाहणीचे प्रमुख असलेले सर शहरातले. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, "मार खाणाऱ्या बाईला सगळे विचारतात. मारणाऱ्याला कुणी विचारत नाही. आपण त्यालाच विचारायचं." बाईला तरी कोण विचारतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण नोकरी नवी, मी फॉर्म चाळायला घेतला. फॉर्मवर बाईसाठी एकही रकाना नव्हता. मारण्याच्या कारणांना आकडे दिले होते. स्वयंपाक एक, उलट बोलणं दोन, संशय तीन, दारू चार. बाकी सगळं 'इतर'.

गावात माणसं निवडायची रीत सोपी होती. दूध सोसायटीच्या सभासदांची यादी घ्यायची आणि दर पाचव्या नावाच्या घरी जायचं. आपल्याच नातेवाईकाचं घर आलं तर ते सोडून पुढचं. बारकुल्या अक्षरातला हा नियम मी वाचला आणि विसरून गेले.

पुरुष पोरीसमोर बोलतील असं कुणालाच वाटत नव्हतं. पण बोलले. दुष्काळात या माणसांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. सरकारी माणूस कागद घेऊन आला की त्यामागून काहीतरी येतं. यादी झाली की खडीचं काम निघतं, यादी झाली की खायला सुकडी वाटली जाते, आणि 'आमचं बरं चाललंय' म्हणणाऱ्याचं नाव कटतं. म्हणून माझ्यासमोर कुणीच 'आमचं बरं चाललंय' म्हणेना. नळदुर्गाकडच्या एका गावात तर डेअरीत दुधाचं फॅट बघायला थांबलेला एक जण किटली खाली ठेवून सोसायटीच्या सेक्रेटरीच्या अंगावर गेला.

"माझं नाव कशापायी गाळलं? मी बी मारतो की!"

सेक्रेटरी म्हणाला, "पाचवं न्हाय तुमचं."

"पाचवं न्हाय तर काय झालं? मागच्या बाजारी म्या लाकडानं मारलंय. इचारा गल्लीत!"

रांगेतली माणसं हसली. मीही हसले. हसल्याची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. गावं बदलली, गल्ल्या बदलल्या, वाड्यावरची माणसं झाली, वस्तीवरची झाली. उत्तर सगळीकडे तेच. हात दुखायचा लिहून, बाकी कुठं काही दुखायचं नाही.

मग आमचं गाव आलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा दारूला शिवत नव्हते. विहारात वंदना म्हणायला त्यांचाच आवाज लागायचा. माणूस म्हणून गावात त्यांना मान होता, आणि तो खोटा नव्हता. दुष्काळाच्या साली ते आणि माय जळकोटच्या बाजूला खडी फोडायला जायचे. मी तेव्हा सातवीत. एकदा मायनं आपल्या वाट्याची सुकडी शेजारच्या बाळंतिणीला दिली. एवढंच. दादांनी तिच्या डाव्या कानावर मारलं. ती उभी होती तिथंच बसली. मी दारात होते.

दुसऱ्या दिवशी दादांनी मुकादमाला सांगितलं, खडीवर पडली. मायनं मामाला तेच सांगितलं. मी शाळेत बाईंना तेच सांगितलं. तिचा तो कान पुन्हा उघडला नाही. कुणी बोलायला लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढं करायची. खडीवर पडल्याची गोष्ट तिघांत मिळून इतकी वर्षं वापरली की ती अंगावरच्या जुन्या लुगड्यासारखी मऊ झाली होती.

यादी घेऊन मी घरी आले त्या संध्याकाळी माय भाकरी थापत होती.

"तुज्या त्या कागदात आपलं घर येतंय का गं?"

मी नावं मोजली. दादांचं पाचवंच होतं.

"येतंय," म्हणाले.

तिनं परातीतला हात थांबवला. "मग इचार त्यांना. माज्या कानाचं इचार. मला काय द्यायला नगं. एकदा त्यांच्या तोंडून निघू दे, मारलं म्हणून. लोकाला न्हाय, मला ऐकायचंय."

त्याच क्षणी मला तो बारीक अक्षरातला नियम आठवला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. दादांसमोर पेन उघडून बसायची वेळ माझ्यावर येणार नव्हती. मायला मात्र मी काही बोलले नाही.

सकाळी ती बांधाच्या कामावर गेली नाही. अंगण सारवलं, बाजेवर धुतलेली चादर टाकली. दादा स्वच्छ सदरा घालून बाजेवर बसले होते. सोसायटीत जायलाही ते इतकं नेटकं आवरत नसत. मी गल्लीत आले, आमच्या दारासमोर उभी राहिले, यादीत त्यांच्या नावापुढं 'नातेवाईक' असं लिहिलं आणि शेजारच्या घरात शिरले. शेजाऱ्यानं भराभर सांगून टाकलं. कारण 'इतर'.

मी बाहेर आले तेव्हा दादा तसेच बसून होते.

"आमचं न्हाय का इचारायचं?"

"नियमात बसत न्हाय, दादा. तुम्ही नातेवाईक पडता."

"असं व्हय," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

माय चुलीपुढं होती. आधण उकळून आटत आलं होतं, तरी तिनं चहाची पूड टाकली नव्हती.

"आज सांगणार हुते ते," ती म्हणाली. "सकाळी मलाच इचारलं, कानाचं बी सांगू का? म्या म्हनलं, सांगा. व्हय म्हनले."

माझ्यावरचा राग मला दिसू नये म्हणून ती लाकडं मागं ओढत बसली. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

पिशवीत एक कोरा फॉर्म उरला होता. दिवस मावळायच्या आत मी तो घेऊन गोठ्यात गेले आणि दादांना म्हणाले, "नियम राहू द्या. मी विचारते. मायच्या कानाला काय झालं?"

ते धार काढायला बसले होते. वर न बघता म्हणाले, "तुला ठावं न्हाय का? खडीवर पडली ती." मग किटली उचलून डेअरीकडं गेले. सकाळी त्यांच्या तोंडापर्यंत आलेलं मीच परत पाठवलं होतं. ते पुन्हा कधी आलं नाही.

घरात आले तर माय मान वळवून, उजवा कान पुढं करून उभी होती. गोठ्यातलं तिला ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हनले?"

"सांगितलं त्यांनी."

"लिवलंस?"

"लिहिलं."

ती खाली बसली, अगदी माझ्या जवळ. "वाच बघू."

तिला अक्षर येत नव्हतं. मी कोरा फॉर्म समोर धरला आणि वाचलं, "म्या मारलं. डाव्या कानावर. ती पडली न्हवती. सुकडी दिली म्हणून मारलं, आन् ते माझं चुकलं." 

मायनं डोळे मिटले होते. ती म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शब्द तेच राहायला हवेत, त्या वेळी मला तेवढीच एक भीती वाटत होती.