लेकीने आजोबांना सांगितलेला सिनेमा

माझे वडील मस्कतला आले तेव्हा मे महिना चालू होता. मेमध्ये इथे कोणी पाहुणा बोलवत नाही, पण आमचं गणित वेगळं होतं. मुलीची दहावी झाली होती. वडिलांनी दीड महिना आमच्याकडे राहायचं आणि परत जाताना तिला सोबत घेऊन जायचं, असं ठरलं होतं. पुण्याला माझी बहीण असते. तिच्याकडे राहून मुलगी अकरावी-बारावी करणार, सोबत एन्ट्रन्सचा क्लास लावणार. दोघांची तिकिटं एकाच विमानाची काढली होती. बहिणीने एक खोली रिकामी करून पडदेसुद्धा शिवून घेतले होते.

सगळं मी ठरवलं होतं. मुलीला सांगितलं तेव्हा ती "ओके" म्हणाली होती. त्या ओकेवर मी पुढची सगळी कामं उरकली.

आम्ही मस्कतमधल्या अझैबा भागात राहतो. बायको जवळच्याच एका पॉलिक्लिनिकमध्ये नर्स आहे. मी गाला या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. शेतावरच्या पाण्याच्या मोटरी, पंप, त्यांचं रिवाइंडिंग, हे आमचं काम. वडील चिपळूणच्या बाजूचे, तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. निवृत्त होऊनही त्यांची पहाटे चारला उठायची सवय गेलेली नाही. पहिल्या आठवड्यात ते सकाळी फिरून यायचे आणि मग दिवसभर हॉलमध्ये बसून राहायचे. बाहेर ऊन असं, की दाराची कडी हाताला चटका द्यायची.

आजोबा आणि नात यांच्यात तेव्हा फारसं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, भाषा नव्हती. मुलगी इथेच जन्मली. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी इंग्रजी, खालच्या दुकानदाराशी हिंदी. मराठी फक्त घरात, तीही ऐकण्यापुरती. "आजोबा, तू चहा घेणार?" असं ती विचारायची आणि वडील मान हलवायचे. मी एकदोनदा टोकलं, "तुम्ही म्हण गं." त्यावर तिने विचारणंच बंद केलं. नुसता कप आणून ठेवायला लागली.

एका शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवसाची गोष्ट. बायकोची ड्युटी होती. जेवणं झाली होती. मी सोफ्यावर आडवा झालो होतो, मुलगी खाली गादीवर बसून टीव्हीवर काहीतरी शोधत होती. तिने एक पिक्चर लावला. वडील खुर्चीत. थोड्या वेळाने ते म्हणाले, "काय चाललाय गो ह्यात?"

मला वाटलं, ती "काही नाही" म्हणेल. पण पडद्यावर एक म्हातारा माणूस चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कोंबड्याला दाणे घालत होता, आणि वडील खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यांचं तोंड बघून तिला हसू आलं असावं.

"हा आजोबा आहे," ती म्हणाली. "तो कोंबडा ठेवला आहे बाल्कनीत. बाजूचे लोक कम्प्लेंट केले."

"कशाला? आरवतो म्हणून?"

"हो. मॉर्निंगला."

"मग आरवणारच तो. त्याचं कामच हाय ते." वडील कोंबड्याच्या बाजूने.

अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या लॅटिनो कुटुंबाचा तो पिक्चर होता. आजोबा-आजी कधीकाळी मेक्सिकोहून आलेले, त्यांची मुलं तिथेच वाढलेली, नातवंडं पक्की अमेरिकन. दोन खोल्यांत नऊ माणसं. म्हातारी स्पॅनिशमध्ये ओरडते, नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात. आई खालच्या मजल्यावर ब्यूटी पार्लर चालवते, बाप बसगाड्या दुरुस्त करतो. जेवताना सगळे एकदम बोलतात आणि कोणीच ऐकत नाही. मुलीला सबटायटल लावून बघायची सवय आहे, त्यामुळे खाली इंग्रजी अक्षरं येत होती. ती वाचत होती आणि आजोबांना मराठीत सांगत होती.

मी डोळे अर्धे मिटून ऐकत होतो. तिचं मराठी ऐकायला मजा येत होती. "हा आजी आहे. तो खूप रागवला. ते बोलतात की सूपमध्ये मीठ नाही आहे, पण आजी बोलतो मीठ आहे, तुझी जीभ खराब आहे." वडील एवढे हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "तुझी आजी अगदी हेच म्हणायची." माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्याविषयी मुलीने त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिने पिक्चर थांबवून विचारलं, "ती पण असा ओरडायची?" मग मिठावरून झालेलं एक जुनं भांडण वडिलांनी तिला सविस्तर सांगितलं. मलाही ते माहीत नव्हतं.

पिक्चरमधल्या थोरल्या मुलीचं वय असेल बावीस-तेवीस. आईच्या पार्लरमध्ये काम करायची. तिला दूरच्या एका शहरात नाटक कंपनीत मेकअपचं काम मिळतं. ती घरात सांगते. बाप बोलायचंच सोडतो. मग एक दिवस बसच्या गॅरेजमध्ये जाऊन ती बापासमोर उभी राहते आणि रडत रडत बोलते. खालची अक्षरं मी वाचली. ती म्हणत होती, मला जायचं आहे, या घरात मला माझाच आवाज ऐकू येत नाही, मला अडवू नका.

"काय म्हणते?" वडिलांनी विचारलं.

मुलगी जरा थांबली. टीव्हीकडेच बघत होती.

"ती सांगते की... मला नाही जायचा. मला इथेच राहायचा आहे."

मला वाटलं, तिने चुकीचं वाचलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती पुढे बोलायला लागली. नेहमी दोन शब्दांवर अडणारी पोर, शब्द शोधत होती पण थांबत नव्हती.

"ती सांगते, तुम्ही सगळं ठरवलं, मला एकदा पण विचारलं नाही. तिकडे सगळे माझ्या बोलण्यावर हसतात. इथे माझी रूम आहे, माझे फ्रेंड्स आहेत. मला भीती वाटतो. तुम्ही मला पाठवताय, तर मी काय वाईट मुलगी आहे का?"

पडद्यावरची मुलगी केव्हाच बोलायची थांबली होती. बाप हात पुसत उभा होता.

मी उठून बसलो नाही. हललोसुद्धा नाही. मी जागा आहे, खालचं वाचतोय, हे तिच्या लक्षात नव्हतं.

आता पंचाईत अशी झाली, की पिक्चर काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. पुढच्याच प्रसंगात ती थोरली मुलगी गाणं म्हणत बॅग भरत होती.

"अगो, मग ही हसते कशाला?" वडील म्हणाले. "हिला जायचं नव्हतं ना?"

"ती... फोर्स केला म्हणून. ती वरून हसते."

"बरं."

घरातले सगळे तिला निरोप द्यायला खाली रस्त्यावर येतात. म्हातारी तिच्या हातात जेवणाचा डबा देते. बाप तिला जवळ घेऊन म्हणतो, जा, रविवारी फोन कर.

"बाप काय म्हणाला?"

मुलगी अक्षरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो म्हणाला, नको जाऊ."

आणि पडद्यावरची मुलगी टॅक्सीत बसून निघून गेली.

"नको जाऊ म्हणाला आणि ही गेली?" वडिलांनी अगदी साधेपणाने विचारलं.

मुलगी उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. वडील माझ्याकडे वळले. मी डोळे मिटून घेतले. पन्नाशीला आलेला माणूस स्वतःच्या घरात झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

चारच्या सुमारास मी चहा घेऊन गॅलरीत गेलो. वडील मागून आले. म्हणाले, "तू जागा होतास. खालची अक्षरं वाचत होतास. तसंच लिहिलं होतं?"

"नाही, बाबा. उलटं होतं."

"वाटलंच मला." त्यांनी कठड्याला हात लावला आणि तापला होता म्हणून लगेच काढला. "तीस वर्षं गाडी चालवली. समोरच्या आरशात मागची माणसं दिसतात. कोण खुशीनं चाललाय नि कोण नाय, ते तोंडावरून कळतं. तिकीट सगळ्यांचं सारखंच असतं."

मी चहा संपवून कप कठड्यावर ठेवला.

"तू मुंबईला निघालास, इकडं यायला, ती गाडी माझी होती. आठवतं?"

मला आठवत होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. चौथ्या रांगेत, खिडकीजवळ.

"घाट उतरेपर्यंत तू रडत होतास. मी आरशात बघत होतो. तुला पाठवलं ते चुकलं असं नाय म्हणत. इलाज नव्हता. पण एकदा गाडी बाजूला घेऊन तुला विचारायला पाहिजे होतं. ते राहिलंच."

एवढं बोलून ते कप घेऊन आत गेले.

संध्याकाळी बायको आली. तिला मी सगळं सांगितलं. तिने बूट काढता काढता शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं. मार्चपासून रडते आहे ती. मी तुला दोनदा सांगायचा प्रयत्न केला. तू म्हणालास, सगळ्यांचंच सुरुवातीला असं होतं." मी तसं म्हणालो होतो. तेही आठवलं.

शनिवारी मला खाबुऱ्याला, किनाऱ्यावरच्या एका गावी जायचं होतं. तिथल्या एका शेतावर नवीन बसवलेली मोटर सारखी गरम होत होती. मी मुलीला म्हटलं, "येतेस?" ती आश्चर्याने माझ्याकडे बघत राहिली. वडिलांनाही विचारलं, तर ते म्हणाले, "माझी कंबर दुखते." सकाळी तासभर चालून आले होते.

जाताना दोन तास आम्ही जवळजवळ गप्पच होतो. मला सुरुवात करता येईना. गालाला वीस माणसांना कामं सांगणारा मी, सोळा वर्षांच्या मुलीशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

शेताचे मालक सत्तरीचे ओमानी गृहस्थ. इथे मालकाला म्हणतात तसं आम्ही त्यांना अर्बाबच म्हणतो. मी मोटर उघडून बसलो. ते मुलीला लिंबाची झाडं दाखवायला घेऊन गेले. ती शाळेत अरबी शिकलेली आहे एवढंच मला माहीत होतं. इतकी बोलते हे माहीत नव्हतं. झाडांमधून दोघांचा आवाज येत होता, मध्येच अर्बाबचं खळखळून हसणं. परत आल्यावर त्यांनी तिला विचारलेलं मला कळलं. तुझं गाव कुठलं?

"मस्कत," ती पटकन म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, चोरी पकडल्यासारखा.

निघताना त्यांनी पिशवीभर लिंबं दिली. गाडी समुद्राच्या बाजूला घेऊन मी थांबवली. एसी चालू ठेवला.

"काल तू आजोबांना जे सांगितलंस," मी म्हणालो, "ते त्या पिक्चरमध्ये नव्हतं."

ती खिडकीकडे वळली. "यू वर अवेक?"

"हो."

तिने पिशवीतलं एक लिंबू हातात घेतलं. "सॉरी, पप्पा."

"सॉरी तू कशाला? मी विचारतोय. तुला पुण्याला जायचं नाही?"

मग ती बोलली. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. मागच्या सुट्टीत ती आत्याकडे "मला भूक लागला" म्हणाली होती, तर आत्येभावंडं महिनाभर तेच वाक्य म्हणत होती. चिडवण्यात वाईट हेतू नव्हता, तेही तिनेच सांगितलं. पण तिने नंतर तिथे बोलणंच सोडून दिलं. आणि मी बायकोला म्हणालो होतो, पोर किती शांत झाली आहे बघ.

"मी जाणार पप्पा," ती म्हणाली. "कॉलेजला जाणार. आय नो. पण आता नाही. टू इयर्स द्या मला."

मी माझी बाजू सांगितली. इथली नोकरी आज आहे, उद्या नाही. एक दिवस खलास म्हणतील आणि सगळ्यांनाच जावं लागेल. तेव्हा तिचे पाय तिकडे रुजलेले असावेत, एवढंच डोक्यात होतं. ती ऐकत होती. म्हणाली, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

मी गाडी सुरू केली.

मुलीचं तिकीट रद्द केलं. बहिणीला फोन करणं सगळ्यात अवघड गेलं. तिने विचारलं, "आमच्या पोरांमुळे का?" मी नाही म्हटलं, पण तिला कळलंच. चार दिवसांनी तिने मुलीला फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मुलगी खोलीतून हसत बाहेर आली एवढं बघितलं.

राहिलेले दिवस आजोबा आणि नात यांचे होते. ती शुक्रवारी त्यांना समुद्रावर न्यायची, ते तिला एसटीतल्या प्रवाशांचे किस्से सांगायचे. तिचं मराठी काही सुधारलं नाही. वडीलच कधीकधी "ती बोलला" म्हणायला लागले.

जूनमध्ये ते एकटेच परत गेले. विमानतळावर सोबतीला माणूस देऊ का म्हणून विचारलं, तर रागावले. बॅग स्वतः ओढत आत गेले. काचेपलीकडे गेल्यावर त्यांनी एकदा मागे वळून बघितलं, हात केला आणि रांगेत मिसळून गेले. मुलीने माझी बाही धरली होती.

घरी येताना ती पुढच्या सीटवर बसली. शाळा, मैत्रिणी, अकरावीला कुठले विषय घ्यायचे, असं बरंच काही ती भरभर इंग्रजीत बोलत होती. बरंचसं मला कळलं. जे कळलं नाही, ते मी सिग्नलला थांबल्यावर पुन्हा विचारलं.