पुढे वळणारी बोट

तिसऱ्या लेव्हलवर शत्रूची बोट पुन्हा पुलाच्या खांबावर आदळली. दुपारी क्लायंट येणार होता.

“हे दाखवणार त्यांना?” सरांनी विचारलं. वर्ध्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीचे ते मालक. स्वतःच्या केबिनला ‘लीडरशिप’ म्हणतात.

गेम जुना, आमच्या शाळेच्या दिवसांतला. नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. त्यातली चित्रं, आवाज, नकाशे म्हणजे सिनेमाची रिळं समजा. इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम, हा प्रोजेक्टर. रिळं शाबूत होती, प्रोजेक्टर निकामी. मी आणि अल्लीपूरचा माझा कॉलेजमित्र प्रशिक, आम्ही हौसेखातर नवा प्रोजेक्टर बनवला. परदेशातले चाहतेही तो वापरतात. आता गेमच्या मालकांनाच तो हवा होता. दुपारचा क्लायंट म्हणजे तेच.

चोरीचा आळ नको म्हणून एक नियम पाळतो. जुना प्रोग्राम उघडून वाचायचा प्रशिकने, नवा कोड लिहायचा मी. जुन्यातली एक ओळही मी पाहिलेली नाही. गेम कसा वागतो ते तो व्हॉइस नोटवर सांगतो, मी तसं घडवतो.

“गावाकडून व्हॉइस नोट! ही काय प्रोसेस झाली?” सर म्हणाले. “दुपारपर्यंत नीट झालं नाही, तर प्रशिक प्रोजेक्टमधून बाहेर. कन्सल्टंट आणू. तो इंग्लिशमध्ये डॉक्युमेंट देईल.”

इंजिनात निम्मी मेहनत प्रशिकची. मी त्याला फोन लावला.

“काऊन बे, बोट खांबाले धडकून राह्यली.”

“मूळ गेममंधी नाई धडकत.”

“तूनंच सांगतलं ना, आपल्याले पाह्यलं की पुढं वळते?”

“हो मंग. पुढंच वळते.”

“मी तेच केलं. आपल्या पुढं येऊन पुलाखालीच वळते.”

“अबे, पुढं म्हंजे नंतर! आधी पूल पार करते, मंग वळते. तुले मराठी येते का नाई?”

तो काळातलं ‘पुढे’ सांगत होता, मी जागेतलं धरलं होतं. दोन ओळी बदलल्या. बोट पुलाखालून सरळ गेली आणि जुन्याच ऐटीत वळली.

क्लायंटने स्वतः तीनदा खेळून पाहिलं. “अगदी हेच वळण! कुणी शोधलं?”

“प्रशिकने,” मी म्हणालो.

“आमची प्रोसेसच तशी आहे,” सर म्हणाले.

करारात आम्हा दोघांची नावं आहेत. आमच्या कामात ‘पुढे’ या शब्दाला आता बंदी आहे. समोर म्हणा, नाहीतर नंतर म्हणा. इंग्लिशमध्ये या दोन्हींना मुळातच वेगळे शब्द आहेत, हे सरांच्या अजून लक्षात आलेलं नाही. आम्हीही विषय काढत नाही.