तिच्या गावाचं दीड पान

मला लिहायला वडिलांनी शिकवलं ते पत्रकं लिहून घेत. पहिल्या ओळीत अन्याय, शेवटच्या ओळीत मागणी, मधे भरताड नाही. शाळेतले निबंधही मी तसेच लिहायचे आणि मार्क घालवायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनला एम.एस. करायला आले, तेव्हा ही सवय सामानाबरोबर आली.

ह्यूस्टनजवळ शुगर लँडला एका मराठी डॉक्टरकाकांच्या घरी मी वरची खोली घेतली होती. काकांच्या हॉस्पिटलमध्ये फिलिपिन्सची एक नर्स होती. तिच्या गावच्या लोकांचं ह्यूस्टनमध्ये मंडळ होतं. गावच्या जत्रेच्या सुमारास ते एक हॉल घेत, जेवण आणि नाच ठेवत, स्मरणिका काढत. त्या वर्षी गावाचा भूगोल आणि इतिहास लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"लिहून टाक ना यार," काका म्हणाले. "तुझं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे. तिला ड्यूटीतून वेळ कुठला?"

शनिवारी ती काकूंच्या किचन टेबलाशी येऊन बसली. तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला जे म्हणतात ते म्हण, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, आमच्यात ताई म्हणतात. ते तिला चाललं. मला ती प्रोफेसर म्हणायची, चिडवायला.

पेपर टॉवेलवर तिने नदी काढली. नदी पश्चिमेला समुद्राला मिळते. मूळ गाव दक्षिण काठावर, मीठ करणाऱ्यांनी वसवलेलं. मग स्पॅनिश पाद्री आले, त्यांनी डोंगरातली माणसंही खाली आणून चर्चभोवती बसवली. पुढे नदीने पात्र बदललं, चर्च वाळूत रुतलं, आणि सगळं गाव उत्तर काठावर गेलं. झावळ्यांच्या भिंती लोकांनी सोडून दिल्या. दारं तेवढी उचलली, कारण ती चांगल्या लाकडाची होती.

"आणि हा किनारा?" मी विचारलं.

"तो एका घराण्याचा. नारळाच्या बागा त्यांच्या, त्याखालची वाळूही त्यांचीच, असे कागद त्यांनी करून घेतले. होडी वर ओढायची तर त्यांना विचारायचं." तिने पेन्सिलीने एक ठिपका दिला. "इथे माझी आई राहते."

त्यानंतर मी काही ऐकलंच नाही. रात्रभर टाइप केलं. पहिल्या ओळीत घराणं, मधे पाद्री, नदी, दारं, आणि शेवटी मागणी: किनारा कोळ्यांना मिळालाच पाहिजे. दातांचे डॉक्टर आणि घरं विकणारे एजंट यांच्या जाहिरातींच्या मधोमध हे छापलं जाणार होतं.

ताईने वाचलं. आधी हसली. मग कागद उलटा ठेवला.

"हे आमच्या गावच्या मेयरकडे जातं, प्रोफेसर. दरवर्षी. मेयर त्याच घराण्याचा आहे."

"मग बरंच झालं. वाचू दे."

"आमच्याकडे सध्या हुकूमशहाचं राज्य आहे, ठाऊक आहे ना?"

"म्हणूनच लिहायचं! तू सांगितलंस ते खोटं आहे का?"

"खरं आहे. तिथे सगळ्यांना माहीत आहे. तू ते कोणाला सांगते आहेस?" तिने उलट्या कागदावर बोट ठेवलं. "घर आईचं, जमीन त्यांची. उद्या उठा म्हणाले, तर ती दार खांद्यावर घेऊन कुठे जाईल? सत्तर वर्षांची आहे."

काकांनी पेपरमधून डोकं वर काढलं. "स्मरणिका आहे गं ती, मोर्चा नाही."

मी कागद घेऊन वर गेले. तीन दिवस तो मजकूर तसाच ठेवला. वर्गात लक्ष लागेना, घरात बसवेना. भर उन्हात चालत सुटायचे, तर त्या वसाहतीत फुटपाथच नव्हते. लोक गाड्या हळू करून विचारायचे, गाडी बंद पडली का? वडिलांना पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. ते काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं, आणि त्यात त्या म्हातारीच्या घराबद्दल काही नव्हतं.

चौथ्या दिवशी पान पुन्हा टाइप केलं. किनारा पश्चिमेला आहे, लांब आहे, वाळू करडी आहे. मागणी नाही. दोन पानांचं दीड पान झालं.

जत्रेच्या जेवणाला ताईने मला शेजारी बसवलं. समोरच्या खुर्चीवर तिच्या गावचा एक म्हातारा होता, मुलाकडे राहायला आलेला. त्याने आमचं पान काढून ओळींवर बोट फिरवत वाचलं. मग तो त्यांच्या भाषेत काही बोलला. ताईने मला हळूच इंग्रजीत सांगितलं, "विचारतोय, नदी बरोबर, चर्च बरोबर, वाळू कोणाची ते का नाही लिहिलं?"

मग ती मोठ्याने त्याला म्हणाली, इंग्रजीतच, बहुधा मलाही कळावं म्हणून, "ही इंडियाची मुलगी आहे, आजोबा. हिला कुठून माहीत असणार?"

म्हातारा माझ्याकडे वळला. त्याला थोडं इंग्रजी येत होतं.

"तुला नाही माहीत?"

ताईचा काटा प्लेटवर थांबला होता.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही माहीत."

त्याने मान हलवली, स्मरणिका मिटली आणि माझ्या प्लेटमध्ये आणखी शेवया वाढल्या, माहिती नसलेल्या पाहुणीला वाढतात तशा.